देवस्थळींची बारावी फेरी

विश्वेश देवस्थळींनी आजवर अकरा शर्यतींत भाग घेतला होता आणि एकही पुरी केली नव्हती. हरणं वेगळं. हरायलासुद्धा निदान शेवटची रेघ ओलांडावी लागते. देवस्थळी त्या रेघेपर्यंत पोचतच नसत. एकदा क्लचची तार तुटली, दोनदा चाक बसलं, आणि एकदा तर ते वळणावर न वळता सरळ फाटकातून बाहेर गेले. तिथून वळायला रहदारीत जागा मिळेना, म्हणून थेट घरी आले. क्लबचे सचिव चौबेजी तासभर त्यांची वाट पाहत बसले होते असं नंतर कळलं.

क्लब म्हणजे जुन्या स्कूटरी बाळगणाऱ्या बनारसमधल्या वीस-बावीस प्रौढ माणसांचा क्लब. त्यात दंतवैद्य होते, रेल्वेतले दोघे होते, एक साडीवाले होते. दर तीन महिन्यांनी ही मंडळी रामनगरच्या पुढे एका बटाट्याच्या शीतगृहाच्या आवारात जमत. रविवारी ते आवार रिकामं असे. इमारतीभोवतीचा काँक्रीटचा रस्ता एका फेरीला सहाशे दहा मीटर भरे. हा आकडा देवस्थळींनी स्वतः टेप लावून काढलेला होता. विद्यापीठाच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं फायली सांभाळल्यामुळे न मोजलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे.

अकरा वेळा घरातलं कुणी शर्यत पाहायला गेलं नाही, ही देवस्थळींच्या दृष्टीने देवाची कृपाच होती. पण या शुक्रवारी जेवताना मधुवंती म्हणाली, "बाबा, या संडेला मी येते तुमची रेस बघायला. मग सोमवारची तर माझी गाडीच आहे."

मधुवंती त्यांची एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्र शिकली होती आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागणार होती. सोमवारनंतर ती कधी येणार ते तिच्या रजेवर अवलंबून, आणि पहिल्या वर्षी रजा नव्हती.

देवस्थळींचा घास हातातच राहिला. पहिलं यावं अशी त्यांची इच्छा कधीच नव्हती. पण एकदा, फक्त एकदा, या मुलीच्या डोळ्यांदेखत ती पांढरी रेघ ओलांडावी, एवढं मात्र त्यांना त्या क्षणी फार वाटलं.

"ये की," ते म्हणाले. "बारा फेऱ्या असतात. पटकन होतात."

"तुमच्या झाल्यात कधी?" पत्नी सुमेधाताईंनी वाटीत आमटी ओतत विचारलं. काही बायकांना वर न पाहता नेम धरता येतो.

शनिवारी सकाळी मुन्शी घाटामागच्या गल्लीत स्कूटर धुवायला काढली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. बनारसमध्ये माणूस गल्लीत एकट्याने काही दुरुस्त करू शकत नाही. हातात पाना दिसला की अर्धा मोहल्ला अभियंता होतो.

"मधू, बाजूला हो, लाथ मारतो," देवस्थळी म्हणाले.

समोरच्या खिडकीतून शरदिनीकाकू दचकून डोकावल्या. त्या चाळीस वर्षं शेजारी राहत होत्या, तरी दर वेळी दचकत. देवस्थळींचे वडील नीलकंठशास्त्री यांचा दंडक होता, की उंबऱ्याच्या आत ज्या वस्तूला मराठी शब्द आहे तिला इंग्रजी नावाने हाक मारायची नाही. बाहेर हिंदी बोला, कचेरीत इंग्रजी लिहा, पण घरात मराठी, आणि तीही अभंग. त्यामुळे स्कूटरला किक न मारता लाथ मारत, हॉर्नला भोंगा म्हणत, आणि ऑइलला तेल. पेट्रोलला शास्त्रीबुवांनी पुष्कळ शब्द शोधला, पण सापडेना. शेवटी ते पाहुणा म्हणून घरात राहिलं. शास्त्रीबुवा जाऊन अठरा वर्षं झाली, तरी दंडक चालूच होता. फक्त मधुवंतीच्या तोंडी गल्लीतली हिंदी उंबरा ओलांडून कधी आत येई ते तिलाही कळत नसे.

"विश्वेश, लिंबू बांधलंस का?" काकूंनी विचारलं.

"काकू, लिंबाने वेग वाढत नाही."

"वेग नको वाढू दे. तू पुरा परत ये म्हणजे झालं."

तेवढ्यात कोपऱ्यावरचा पानवाला पान लावायचं सोडून आला. त्याने स्कूटरभोवती एक प्रदक्षिणा घातली. "गुरू, वजन कम करिए. ई स्टेपनी काहे ढो रहे हैं? रेस में पंचर होगा तो पहिया बदलने बैठिएगा?"

यात तथ्य होतं. देवस्थळींनी स्कूटरच्या डाव्या पोटातलं जादा चाक काढलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे ग्रॅम. पण जुन्या स्कूटरचं इंजिन उजव्या बाजूला असतं आणि डावीकडचं चाक त्याला तोलून धरतं, हे त्यांना चाक निघाल्यावर आठवलं. फेरफटका मारायला गेले तेव्हा स्कूटर एकसारखी उजवीकडच्या भिंतींना जवळीक दाखवू लागली. साडीवाल्यांच्या भिंतीला हँडल घासलं, आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी "का हो, पी के चलावत हउआ?" असं विचारलं. तेव्हा देवस्थळींच्या प्रतिष्ठेला जी इजा झाली ती हँडलापेक्षा मोठी होती.

मग तोल साधायला डाव्या पोटात काहीतरी ठेवणं आलं. मधुवंतीने नेमकं गणित केलं. इंजिन इतकं, अंतर इतकं, तर उत्तर सहा किलो. घरात सहा किलोची एकच वस्तू होती, ती म्हणजे सकाळीच चक्कीवरून आलेली गव्हाच्या पिठाची पिशवी. अशा प्रकारे दिवसभराच्या खटपटीतून वजन दोनशे ग्रॅमने कमी झालं.

"पीठ परत आणा," सुमेधाताई म्हणाल्या. "सोमवारी तिच्या डब्याला पोळ्या करायच्यात." तुम्ही परत या, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे देवस्थळींनी मनात टिपून ठेवलं.

रविवारी सकाळी धुकं विरल्यावर बाप-लेक शीतगृहाच्या आवारात पोचले. मधुवंती स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या स्कूटरवरून मागोमाग आली.

चौबेजी टेबल-खुर्ची मांडून तयार होते. ते सिंचन विभागातून निवृत्त झाले होते, पण सिंचन विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नव्हता. शर्यतीला त्यांनी तीन पानी अर्ज ठेवला होता. त्याला दोन प्रमाणपत्रं जोडायची. एक डॉक्टरांकडून चालकाचं, दुसरं मिस्त्रीकडून गाडीचं.

"देवस्थळीजी," चौबेजींनी चष्मा वर केला, "आप में लिखा है, 'आवाज़ ज़्यादा करती है, धक्के से चालू हो जाती है।' और गाड़ी में लिखा है, 'रक्तचाप सामान्य, मीठा कम खाए।'"

"उलटी जोडली गेलीत. उलट गए हैं, चौबेजी."

"वह तो मैं भी समझ रहा हूँ। पर स्टेपल हो चुका है। अब नया फॉर्म भरिए।"

इकडे दुसरी अडचण. क्लबचा एक नियम असा होता, की शर्यतीआधी सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या आणि प्रत्येकाला क्लबकडून मोजून दोन लिटर पेट्रोल द्यायचं. कुणी टाकीत कापूर वगैरे घालून वेग वाढवू नये म्हणून. दंतवैद्यांवर तसा संशय होता. क्लबचा माणूस देवस्थळींच्या स्कूटरपाशी दोन लिटरचं मापटं ठेवून गेला तेव्हा शर्यतीला दहा मिनिटं उरली होती.

नव्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावरून देवस्थळींनी ओरडून सांगितलं, "मधू, तेल घाल गं तेवढं!"

"घालते!"

तिसऱ्या पानावरची सही करून ते धावत आले. "तेल घातलंस?"

"घातलं."

"पुरतं?"

"शेवटच्या थेंबापर्यंत. बाबा, तुम्ही फालतू टेन्शन घेता. जा न, आपल्या जागेवर उभे राहा."

देवस्थळींनी हेल्मेट घातलं, मनोमन कुलदैवताचं नाव घेतलं आणि लाथ मारली. पहिल्याच लाथेला स्कूटर चालू झाली. हा शकुन समजावा की इशारा, याचा विचार करायला वेळ नव्हता. चौबेजींनी रुमाल खाली केला आणि आठ स्कूटरी निघाल्या.

पहिल्या दोन फेऱ्यांत देवस्थळी सातवे होते. ही त्यांची हक्काची जागा होती आणि तिथे त्यांना बरं वाटे. तिसऱ्या फेरीत साडीवाल्यांची स्कूटर खोकून थांबली. पाचव्या फेरीत रेल्वेतल्या दोघांनी एकमेकांना "पहले आप" करण्याच्या नादात वळण हुकवलं. सातव्या फेरीअखेर देवस्थळींनी चुकून मागे पाहिलं तर मागे चार जण. म्हणजे पुढे तीनच. त्यांनी पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं.

"बाबाऽऽ! चौथे!" मधुवंती रेघेपाशी उड्या मारत होती.

आणि मग विश्वेश देवस्थळी, वय त्रेपन्न, यांनी आयुष्यात प्रथमच हातातली मूठ शेवटपर्यंत पिळली. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यामुळे, असं ते पुढे सांगत. नवव्या फेरीत त्यांनी दंतवैद्यांना गाठलं, मागे टाकलं, आणि सवयीप्रमाणे "माफ कीजिएगा" म्हणाले.

रेघेपाशी उभ्या असलेल्या लोकांना मात्र आणखी एक गोष्ट दिसत होती. देवस्थळींच्या स्कूटरीमागून पांढऱ्या धुराचं एक लांब शेपूट येत होतं.

"सफ़ेद धुआँ! इंजन में पानी गया है," कुणी म्हणालं.

"नहीं, ई रफ़्तार का धुआँ है," दुसऱ्याने निर्णय दिला.

बाराव्या फेरीची घंटा झाली. देवस्थळी तिसरे होते. शेवटचं वळण आलं, रेघ दिसली, रेघेशी हात हलवणारी मुलगी दिसली. त्याच वेळी खालून धातूवर धातू घासल्यासारखी एक किंकाळी आली आणि मागचं चाक जागच्या जागी थिजलं. स्कूटर तिरकी घसरली. देवस्थळींनी क्लच दाबला म्हणून उभे तरी राहिले. मग सगळं शांत झालं. इतकं शांत, की शीतगृहाच्या छपरावरचे पोपट ऐकू येऊ लागले.

त्यांनी लाथ मारली. लाथेचा दांडा हललाही नाही. इंजिन आतून घट्ट धरलं होतं.

एक-एक करून सगळे शेजारून निघून गेले. दंतवैद्य जाताना "माफ कीजिएगा" म्हणाले.

मधुवंती धावत आली. देवस्थळी रेघेकडे बघत होते. तिथपर्यंत एकशे चाळीस मीटर होते. हेही त्यांना न मोजता ठाऊक होतं, कारण आधीच मोजलेलं होतं.

"चौबेजी!" ती तिथूनच ओरडली. "नियम क्या है?"

चौबेजींनी नियमावली काढली. नियम त्यांनीच लिहिले होते, तरी ते पाहिल्याशिवाय कधी उत्तर देत नसत. "नियम चौदह! 'चालक एवं वाहन साथ-साथ रेखा पार करें।' इंजन चालू हो, ऐसा कहीं लिखा नहीं है!" मग बोट खाली सरकलं. "बाहर का कोई हाथ लगाएगा तो निरस्त! और प्रतियोगिता तब तक खुली रहेगी जब तक सचिव कुर्सी से न उठें!"

देवस्थळींनी गिअर सोडला. चाक मोकळं झालं. त्यांनी हेल्मेट मुलीकडे दिलं आणि स्कूटर ढकलायला सुरुवात केली.

रस्ता बघायला सपाट होता. पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला रेघेकडे हलका चढ दिलेला होता, हे बारा फेऱ्यांत कधी जाणवलं नव्हतं. मधुवंती शेजारून चालू लागली. तिचे हात दोनदा आपोआप पुढे झाले. मग तिने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवले.

"बाबा, थांबा. जरा साँस घ्या."

"थांबलं तर परत हलायचं नाही."

"स्कूटर?"

"मी."

ती हसली. थोडं चालल्यावर म्हणाली, "परवा पुण्याहून त्या मॅडमचा फोन होता न. मी म्हटलं, मी टाइमावर पोचून जाईन. तर त्या हसल्या. म्हणाल्या, छान आहे तुझं मराठी. असं छान म्हटलं की मला भीती वाटते."

"काय वाईट आहे त्यात?"

"तिकडे 'पोचून जाईन' म्हणत नसतात वाटतं."

देवस्थळींनी पुढची दहा पावलं स्कूटर नुसती रेटली. श्वास नव्हता, आणि शास्त्रीबुवांच्या मुलाला या वाक्यातली चूकही दिसत होती. मग ते म्हणाले, "पोचून जाशील तू."

"आणि तुम्ही?"

"मीही पोचून जाईन."

रेघेपाशी जेवणाचा बाटी-चोखा तयार झाला होता. तुपाचा वास येत होता. "चौबेजी, उठिए, ठंडा हो रहा है," मंडळींनी आग्रह धरला. चौबेजी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिले. त्यांना सकाळपासून तीन चहा झाले होते आणि आता निराळ्या कारणासाठीही उठायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण ते उठले नाहीत. "खेल चालू है," एवढंच म्हणत राहिले.

नऊ मिनिटांनी विश्वेश देवस्थळींचं पुढचं चाक पांढऱ्या रेघेला लागलं, मग पाय, मग मागचं चाक. चौबेजींनी घड्याळ पाहून वेळ लिहिली, "पूर्ण" असा शिक्का मारला आणि जवळजवळ पळतच इमारतीमागे गेले.

टाळ्या झाल्या. मधुवंतीने बाबांना मिठी मारली. घाम पुसायला फडकं हवं म्हणून देवस्थळींनी पुढची डिकी उघडली.

डिकीत ऑइलची नवी बाटली होती. तिचं सील जसंच्या तसं होतं.

जुन्या स्कूटरीच्या इंजिनाला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलच्या टाकीतच ते मिसळावं लागतं, लिटरला वीस मिलिलिटर. ते नसलं तर पिस्टन कोरडाच घासत राहतो, तापतो, फुगतो आणि एका क्षणी धरतो. देवस्थळी बाटलीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती हळूच जॅकेटच्या आत सारली.

"काय झालं असेल, बाबा?"

"पिस्टन जुना होता. व्हायचंच होतं. चल, बाटी खाऊ."

पण आवारातल्या तज्ज्ञांना बाटीपेक्षा इंजिनात रस होता. एक म्हणाला कार्बोरेटर, दुसरा म्हणाला बेअरिंग, दंतवैद्य म्हणाले की मुळापासूनच सडलं असणार. पांढऱ्या धुराबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. इंजिनात पाणी गेलं.

"हो, पाणीच," देवस्थळी घाईघाईने म्हणाले. "काल धुतली ना."

मधुवंतीने वाकून रस्त्यावरचा पांढरा पट्टा बोटाने उचलला. वास घेतला. जिभेला लावला.

"हे पीठ आहे."

तिने स्कूटरचं डावं पोट उघडलं. घसरणीत पिशवी फाटली असेल असं वाटावं, पण ती फार आधीच हादऱ्यांनी फाटलेली होती. सहा किलोतलं तीन किलो पीठ बारा फेऱ्यांत नेमाने सांडलं होतं.

"म्हणजे धूर नव्हताच," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "बाकी सगळ्यांच्या गाडीमागे निळा धूर होता. तो तर ऑइल जळतं त्याचा न? मग तुमच्या मागे का नव्हता? ऑइल कुणी घातलं होतं?"

"मधू, बाटी गार होतेय."

"बाबा. तुम्ही मला काय घालायला सांगितलं होतं?"

देवस्थळींनी जॅकेटची चेन आणखी वर ओढली.

"तेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेल. मापटं समोर ठेवलं होतं, मी ते सगळं तेल..." ती मध्येच थांबली. बनारसमध्ये पंपावर गाडी उभी केली की पोरगा विचारतो, कितने का तेल? आख्ख्या शहरात पेट्रोलला तेल म्हणतात. तीही तेच म्हणते. "बाबा, पेट्रोलला तुम्ही घरात काय म्हणता?"

"पेट्रोल."

"आणि ऑइलला?"

"...तेल."

"म्हणजे इंग्रजी चालतं!"

"एकच चालतं. त्याला शब्द सापडला नव्हता."

तिचा चेहरा पडला. "मी तुमचं इंजिन मारलं. आणि तुम्ही ते लपवत होता."

"अगं, ऐक," देवस्थळी खाली तिच्याशेजारी बसले, पिठातच. "अकरा वेळा मी ऑइल नीट मोजून घातलं. एकदा तरी तिसरा होतो का? चौथा? मापात होतो, म्हणून सातवा होतो. आज मी दंतवैद्यांना मागे टाकलं, मधू. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग झालं तर."

ती रडतारडता हसली आणि नाक पुसताना तिच्या गालावर पिठाचा पट्टा उमटला. तेवढ्यात चौबेजी ताजेतवाने होऊन परत आले. हातात एक नवा कागद होता. गाडी बंद पडली तर अहवाल द्यावा लागतो. वाहन क्रमांक, फेरी क्रमांक, आणि सगळ्यात खाली एक रकाना, 'ख़राबी का कारण'.

देवस्थळींनी पेन घेतलं. वरचे रकाने भरले. खालच्या रकान्यापाशी जरा थांबले, मुलीकडे पाहिलं, आणि सुवाच्य देवनागरीत एकच शब्द लिहिला.

चौबेजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. "भाषा?" ते म्हणाले. "यह कौन सा पुर्ज़ा होता है, देवस्थळीजी?"

देवस्थळींनी पेनाला टोपण लावलं. मधुवंतीने बापाच्या जॅकेटवरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "घर का बना है, चाचाजी. बाज़ार में नहीं मिलता."